छताचा आवाज

जिर्गलानच्या वरच्या धारेखाली,
सकाळचे नऊ, उणे एकोणीस.
मी फावड्याने बर्फात खड्डा खणते आहे, छातीइतका खोल,
आणि मागे पाच जण पाय आपटत उभे आहेत.
त्यांना समोरचा उतार हवा आहे.
कुणालाही हवा वाटावा असाच आहे तो:
पस्तीस अंश, सावलीतला,
सशाचंही पाऊल नाही.

खड्ड्याच्या भिंतीत हिवाळा वाचता येतो.
वरचा थर परवाचा, वाऱ्याने चोपलेला,
पावासारखा कापता येणारा.
मधे नखाएवढी काच. डिसेंबरात एक दुपार ऊन लागलं होतं, ती.
आणि तळाशी नोव्हेंबर.
तेव्हा वीतभर पडला, मग तीन आठवडे नुसती कोरडी थंडी,
आम्ही लाकडं फोडत होतो, कुणाचं लक्ष नव्हतं.
आता मूठ भरून घेतली तर साखर.
बोटांतून गळते,
एक कण दुसऱ्याचा हात धरत नाही.
आणि त्यावर बाकीचा सगळा हिवाळा बसलेला.

करवतीने एक खांब सुटा करते. वर फावड्याचं पातं.
दहा थापा मनगटातून.
मग कोपरातून दहा.
मग खांद्यातून... तिथवर जावंच लागत नाही.
तेराव्या थापेला खांब तळाशी सुटतो
आणि खण ओढावा तसा, सरळ,
माझ्या मांडीवर येतो.

बापाने याच डोंगराच्या पोटात एकवीस वर्षं कोळसा काढला.
पाळी सुरू होताना आधी काठीने छत ठोकायचा.
भरीव वाजलं तर काम.
पोकळ वाजलं तर मागे, मुकादमाच्या शिव्या नंतर.
मला खाणीत कधी नेलं नाही.
घरीच शिकवलं: कलिंगड, भिंत, कपाट,
"हे ऐक, बुरुलकान. आता हे."
शेवटी माझं कपाळ.
"हे जरा पोकळच," म्हणायचा.

"परत जायचं," मी म्हणते.
टोर्स्टन घड्याळ बघतो.
"काल पलीकडच्या दरीत लोक उतरले. काही झालं नाही."
खरं आहे. बहुतेक दिवस
काहीच होत नाही.

परतीला झाडांच्या कडेने.
मोकळा पट्टा आला की एकेकटा,
काठ्यांचे पट्टे मनगटातून सोडवून,
आणि उरलेल्यांचे डोळे त्या एकावर.
खालच्या सपाटीवर एकदा जमीन म्हणाली, हुंफ्.
तो आवाज कानाला नाही, गुडघ्यांना ऐकू येतो.
कुणी काही बोललं नाही.
टोर्स्टनने गावात पोचल्यावर हिशेब मागितला,
अर्ध्या दिवसाचे पैसे वळते करून घेतले.

आणि तो उतार कोसळला नाही.
त्या दिवशी नाही, त्या आठवड्यातही नाही.
मार्चभर मी अंगणातून दुर्बीण लावून बसायचे:
पड, म्हणायचे, एकदा पड,
मला खरी ठरव.
एप्रिलात तो पाणी होऊन गुपचूप नदीला गेला.
डोंगर पेपर तपासून देत नाही.

दारामागे बापाने खाणीतली फळी आणून ठोकली आहे.
खिळे, खिळ्यांवर पितळी बिल्ले.
उतरताना घ्यायचा, वर आल्यावर टांगायचा.
आता माझी माणसं सकाळी शोधयंत्रं एकमेकांसमोर तपासतात
आणि एकेक बिल्ला खिशात घालतात.
त्यांना गंमत वाटते. फोटो काढतात.
एक खिळा कायम रिकामा. सतरा नंबर, साबीरचा.
मी एकदा त्यावर टोपी अडकवली होती,
बापाने काही न बोलता उचलून माझ्या हातात दिली.

त्या दुपारीही तो चुलीकडे तोंड करून
चहात मीठ ढवळत होता.
मागे बिल्ले वाजत होते. पितळ, खिळा. पितळ, खिळा.
चमचा थांबला.
"सहा?"
"सहा."
"मग दार लावा. थंडी येते."